खालचा आवाज

परशूअण्णा आमच्या घरी पहिल्यांदा आले आणि तासाभरात त्यांनी मला आणि माझ्या बायकोला दिवाणखान्यात रांगायला लावलं.

बँकेच्या नोकरीत माझी बदली बेळगावला झाली होती. भाड्याचा फ्लॅट ऐसपैस मिळाला, आणि गाणी ऐकायची हौस जुनीच, म्हणून एक चांगला संच घ्यायचं ठरवलं. महिनाभर नेटवर वाचून मी एक भलामोठा सबवूफर पक्का केला होता. सबवूफर म्हणजे मृदंगाची थाप, तंबोऱ्याचा खर्ज असले खालचे आवाज काढणारा वेगळा खोका. बँकेतल्या शिपायाने गावातल्याच शहापूर भागातलं एक दुकान सांगितलं. बोळात, दोन साड्यांच्या दुकानांमध्ये चेपून बसलेलं. आत पन्नाशी ओलांडलेले, पूर्ण बाह्यांच्या शर्टाचं गळ्याचं बटणही लावलेले एक गृहस्थ स्टुलावर बसून इंग्रजी माहितीपुस्तक शब्दकोश घेऊन वाचत होते.

मी खोक्याचं नाव सांगितलं. त्यांनी एक वही पुढे केली. "लिवून द्या." मी लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि वही मिटली.

"खोली बघितल्याबिगर देत न्हाय."

"अहो, पण मी ठरवूनच आलोय."

"तुम्ही ठरवलंय. खोलीनं कुठं ठरवलंय?"

रविवारी ते, म्हणजे परशूअण्णा, आले. आम्ही जिथे बसून ऐकणार त्या सोफ्यावर त्यांनी त्यांच्याकडचा एक लहान सबवूफर ठेवला आणि एकच जाड सूर लावून दिला. मग आम्हाला म्हणाले, भिंतीकडेनं रांगत जावा, आणि कुठं आवाज घुमतोय, कुठं गायब होतोय ते सांगा. जिथे तो एकसारखा लागेल तिथे खोका ठेवायचा. मी आणि सुनंदा कोपऱ्यापासून निघालो. खालच्या मजल्यावरच्या बाई वाटीभर साखर मागायला आल्या होत्या, त्या दारातूनच परत गेल्या.

"इथं घुमतंय," सुनंदा म्हणाली.

"कसं?"

"कानाला दडे बसल्यासारखं."

"मग तिथं न्हाय. फुडं चला, वहिनी."

मोठा सबवूफर त्यांनी दिलाच नाही. त्याऐवजी दोन लहान दिले, एक पुढच्या भिंतीला आणि एक बरोबर समोरच्या भिंतीला. एका मोठ्याने एकच खुर्ची खूश होते, बाकीच्यांना एक तर गोंगाट नाही तर काहीच नाही, दोघांनी मिळून आवाज खोलीभर सारखा पसरतो, असं त्यांचं म्हणणं. मग अँप्लिफायरही खोली दुरुस्त करणारा घ्यायला लावला. कानाच्या उंचीवर काठीला एक माइक बांधायचा, यंत्र पाखरासारखे चूं-चूं आवाज काढतं, माइक ते ऐकतो, आणि आपली खोली त्या आवाजात काय घालते, काय खाते, ते यंत्र शोधून तेवढं उलट करतं. हे चालू असताना पंखा बंद, फ्रीज बंद. सुनंदाने कुकर लावला होता, तोही उतरवला. परशूअण्णा मांडी घालून, लॅपटॉपवरची आवाजाची वेडीवाकडी रेघ बघत बसले होते.

"खोली खोटं बोलती, सायेब," ते म्हणाले. "सगळ्याच खोल्या बोलत्यात. पर घर पाडून तर बांधता येत न्हाय. हाय तिच्यात भागवायचं."

संध्याकाळी पहिलं गाणं लावलं तेव्हा सुनंदा स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली आणि संपेपर्यंत हलली नाही. परशूअण्णांनी गाण्याकडे लक्ष दिलं नाही. ते सुनंदाच्या चेहऱ्याकडे बघत होते.

तेव्हापासून येणं-जाणं सुरू झालं. रविवारी कुठे खोली लावायला जायचं असलं की मीही बरोबर जाऊ लागलो. त्यांच्या काही सवयी मला फार आवडायच्या. कोणीही बोलत असलं की ते त्याच्या तोंडाकडे एकटक बघत. सुनंदा म्हणायची, इतकं मन लावून ऐकणारा पुरुष तिने पाहिला नाही. मापं, पत्ते, वेळा, सगळं वहीत लिहून घ्यायचे, तेही समोरच्याच्या हातून. फोन उचलायचे नाहीत. "फोनवर काय कळतंय? समक्ष या की वो." मला वाटायचं, जुन्या चालीचा, पक्का माणूस.

त्यांचं घर दुकानाच्या मागेच होतं. खाली थोरल्या भावाचे सहा यंत्रमाग, वर परशूअण्णा आणि त्यांच्या पत्नी शांताक्का. भाऊ यल्लाप्पा, परशूअण्णा त्यांना आप्पा म्हणत. आप्पांचा संसार मागच्या दोन खोल्यांत. माग सकाळी आठला सुरू होत ते गल्लीत निजानीज होईपर्यंत. वरच्या मजल्याची फरशी सतत थरथरायची. फडताळातल्या कपबशा एकमेकींना लागून किणकिणायच्या, म्हणून शांताक्कांनी त्यांच्यामध्ये फडक्याच्या घड्या घातल्या होत्या. आणि त्याच थरथरत्या फरशीवर, दहा बाय बाराच्या खोलीत, परशूअण्णांचे स्वतःचे चार सबवूफर आणि दोन जुने स्पीकर होते.

"इथं ऐकता कधी?" मी विचारलं.

"लाइट गेल्यावर."

मला कळेना. मग त्यांनी दाराआडचा इन्व्हर्टर दाखवला. लाइट गेली की खालचे माग थांबतात. पण मग अँप्लिफायरही थांबतो. म्हणून नुसत्या अँप्लिफायरसाठी त्यांनी हा इन्व्हर्टर बसवून घेतला होता. गल्लीत लाइट गेली की सगळे कपाळाला हात लावत, आणि परशूअण्णा दुकानाचं शटर अर्धं ओढून जिना चढत. लाइट किती वेळ जाईल हे त्यांच्या हातात नव्हतं. एकदा मी तिथे असताना गाणं निम्म्यावर आलं आणि खालून माग एकदम सुरू झाले. त्यांनी आवाज बंद केला आणि दुकानात गेले.

"दुसरीकडं घर का बघत नाही?" मी एकदा विचारलं.

"आप्पा एकटा पडंल."

वडील गेले तेव्हा परशूअण्णा आठवीत होते. आप्पांनी त्यांना शाळेतून काढून मागावर बसवलं. दुसरा इलाज नव्हता, घरात दोन बहिणी लग्नाच्या होत्या. पंधरा वर्षं ते मागावर होते. तिथेच मागाशेजारचा रेडिओ सारखा बिघडायचा, तो दुरुस्त करता करता हे शिकले. बहिणींची लग्नं झाल्यावर आप्पांनीच गल्लीकडची पुढची खोली रिकामी करून दिली आणि म्हणाले, आता तुला पायजे ते कर. हे सांगताना परशूअण्णांचा आवाज नेहमी जरा खाली यायचा.

निपाणीचं काम मी विसरणार नाही. तंबाखूच्या व्यापारातलं एक जैन कुटुंब, दोघे भाऊ एकत्र, नवा बंगला. हॉलमध्ये दोघांच्या दोन ठरलेल्या खुर्च्या. दुसऱ्या कोणीतरी एकच मोठा सबवूफर कोपऱ्यात बसवून दिला होता. थोरल्याच्या खुर्चीत छाती धडधडायची, धाकट्याच्या खुर्चीत काहीच नाही. वर्षभर धाकट्याला वाटत होतं की हे मुद्दाम केलंय. आम्ही गेलो तेव्हा दोघं एकमेकांशी कानडीत बोलत होते, आणि आमच्याशी मराठीत, आणि दोन्ही भाषांत तणतणत होते.

परशूअण्णांनी थोरल्याला उठवून धाकट्याच्या खुर्चीत बसवलं आणि धाकट्याला थोरल्याच्या. एकच गाणं लावलं. थोरले शेटजी बराच वेळ बसून राहिले.

"हे असंच होतं काय रे रोज तुला?" त्यांनी भावाला विचारलं.

"वर्ष झालं सांगतोय."

चार लहान सबवूफर, चारी भिंतींच्या मध्यावर एकेक. दोन रविवार गेले. शेवटी दोघांच्या खुर्चीतली रेघ लॅपटॉपवर जवळजवळ एकावर एक आली.

"म्हंजे आता माझ्याकडचं कमी झालं," थोरले म्हणाले.

"व्हय. थोडं कमी झालं. पर दोघांस्नी एकच ऐकाय येतंय."

शेटजींनी मान डोलावली आणि आत कानडीत कोणाला तरी आम्हाला जेवायला वाढायला सांगितलं.

परतीच्या एसटीत संकेश्वर येईपर्यंत परशूअण्णा वहीतली मापं चाळत होते. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "भाव-भाव एकमेकांला सांगत न्हाईत बघा. शेजारी बसत्यात, पर सांगत न्हाईत." मला वाटलं, ते शेटजींबद्दल बोलतायत.

त्यानंतर टिळकवाडीतल्या एका वकिलांकडचं काम आलं. खोली उत्तम होती, संचही परशूअण्णांनी निवडलेला. मापं झाली, रेघ सरळ आली, परशूअण्णा समाधानाने वायरी गुंडाळत होते. वकिलांच्या पत्नी सोफ्यावर येऊन बसल्या आणि त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"ही शिट्टी कसली?"

परशूअण्णा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "कसली?"

"शिट्टी. बारीक. डावीकडून येतेय."

मलाही ऐकू येत होती. डाव्या स्पीकरमधून एक बारीक, सुईसारखा आवाज सतत निघत होता. मी मघापासून समजत होतो की ते त्याकडे नंतर बघणार आहेत.

परशूअण्णा डाव्या स्पीकरपाशी गेले, वाकले. कान जवळ नेला. मग उजव्या स्पीकरपाशी गेले. मग लॅपटॉप उघडला. "ग्राफ बरोबर हाय, बाई."

"ग्राफ असू दे. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी पुढे होऊन म्हटलं, डाव्या बाजूची वायर जरा बघू या. वायरच सैल होती, घट्ट केल्यावर शिट्टी थांबली. थांबली हेही त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं.

बाहेर येऊन आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेतला. त्यांनी बशीत चहा ओतला आणि प्यायला नाही.

"लई वर्सं झाली," ते म्हणाले. "बारीक आवाज पयल्यांदा गेलं. आता माणसाचं बोलणंबी निम्मं. साठ म्हटलं का आठ, कळत न्हाय. म्हणून लिवून घेतोय."

"मागामुळं?"

"आनि कशानं?"

"मग खोल्या लावता कशा?"

"खालचा आवाज अंगाला लागतोय की. पायाला, छातीला. आनि वरचा आवाज माइक ऐकतोय, मी रेघ बघतोय. शेवटी माणसांची तोंडं बघतोय. तोंड खोटं सांगत न्हाय."

मी यंत्राबद्दल विचारलं, कानातल्या. एकदा कोल्हापूरला जाऊन त्यांनी लावून बघितलं होतं. "बोलणं कळतंय. पर गाणं पत्र्यावर पाऊस पडल्यागत. काढलं तर गाणं निम्मं. कुठंबी बसलो तर निम्मंच." त्यांनी बशी सरकवली. "आनि कानात मशीन घालून हिंडलो तर कोण बोलावणार? भैऱ्याकडनं आवाज लावून घेतंय काय कोण?"

मी माझा कप बाजूला ठेवला.

"ते बी चालंल," ते म्हणाले. "पर आप्पाला दिसंल. आप्पानं मला मागावर बसवलं. त्याला कळलं तर त्यो काय करंल? माग बंद करंल, न्हाय तर मनात घेऊन बसंल. दोन्ही नको."

मी सुनंदालासुद्धा सांगितलं नाही.

पण वकिलांच्या घरची गोष्ट टिळकवाडीत फिरली असावी. हळूहळू कामं कमी झाली. दुकानात परशूअण्णा तसेच बसायचे, बटण लावून, वही पुढे ठेवून. आता ते जास्त वाचत. कोणी आत आलं की पटकन तोंडाकडे बघत, आणि आता माहीत झाल्यामुळे मला ते बघणं सहन व्हायचं नाही. एक गिऱ्हाईक मुद्दाम पाठ करून बोललं, परीक्षा घेतल्यासारखं. परशूअण्णांनी त्याला वही दिली. त्याने लिहिलं नाही, हसून निघून गेला. त्या दिवशी मी म्हटलं, निदान आप्पांना तरी सांगा. त्यांनी नुसता हात हलवला.

सांगितलं ते शेवटी शांताक्कांनी.

मी दुपारी एक अँप्लिफायर परत द्यायला वर गेलो होतो. खाली माग चालू होते. आप्पा कधी नव्हे ते वर आले होते. जिन्याच्या एका पायरीची फरशी निखळली होती, ती दुरुस्त करायचं बोलायला. सत्तरीचे, वाळलेले, टोपी घातलेले. दोघे भाऊ समोरासमोर बसून मोठमोठ्याने बोलत होते. शहापुरात सगळेच मोठ्याने बोलतात, मागाच्या आवाजात तसंच बोलावं लागतं, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

"गवंड्याला शनवारी बोलवू काय?" आप्पा म्हणाले.

"व्हय, जा की," परशूअण्णा म्हणाले.

"किती वाजता?"

"मी न्हाय येत. दुकान हाय."

आप्पांनी मान डोलावली. "बरं हाय, मग आठला."

शांताक्का चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले. एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा दिराकडे. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "दोघंबी भैरं हाईसा. दोघांनीबी मला शपथ घातलीया दुसऱ्याला सांगू नगो म्हणून. दहा वर्सं झाली. आता मला न्हाय व्हत."

दोघांनाही ऐकू गेलं नाही. आप्पांनी चहा उचलला.

शांताक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी पदर खोचला आणि तेच सगळं, शब्द न शब्द, ओरडून सांगितलं. इतक्या मोठ्याने की खाली कामगारांनी एक-दोन माग थांबवले असावेत, कारण आवाज जरा उतरला. शेवटचं वाक्य संपताना त्यांचा आवाज फाटला आणि त्या आत निघून गेल्या.

आप्पांचा कप हातातच होता.

"कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

परशूअण्णा त्यांच्या ओठांकडे बघत होते. "तुझं कवापास्नं?"

"माझं कवाच गेलंय. मला वाटलं, तू आवाजाचं काम करतोस, तुला कळलं तर जिवाला लावून घेशील. मागाला दोष देशील."

"मी कवा दोष दिला?"

"न्हाय दिलास. म्हणूनच." आप्पांनी कप ठेवला. "शाळेतनं मी काढलं तुला."

"बहिणींचं कोण बघितलं असतं?"

"ते हाय," आप्पा म्हणाले. "पर काढलं मीच."

मी उठून जाणार होतो, पण उठायलाही जमेना. आप्पा उभे राहिले. जाताना त्यांनी धाकट्या भावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेले. थोड्या वेळाने सगळे माग पुन्हा पहिल्यासारखे सुरू झाले. दुसरं काय होणार होतं? सहा माग होते, चार कामगार होते, ऑर्डरी ठरलेल्या होत्या. परशूअण्णा फरशीकडे बघत म्हणाले, "बघा, थांबत न्हाय. थांबूच शकत न्हाय."

तपासणीला जायचं मात्र आप्पांनीच काढलं. धाकटा येईल तर मी येतो, अशी अट घातली. परशूअण्णांनीही तीच अट घातली. शांताक्कांनी मला विचारलं, सायेब, तुम्ही बरोबर जाता काय, दोघांला काय सांगतात ते एकालाबी कळायचं न्हाय. माझी बदलीची ऑर्डर आली होती, सामान बांधणं चालू होतं, तरी मी रजा टाकली.

त्यानंतर आठवड्याभरात मी नागपूरला आलो. आता फोन केला की शांताक्का उचलतात आणि तेच सांगतात: बरं हाय, काम थोडं हाय, माग चालूच हाईत. त्या कधी कधी त्यांच्याबरोबर खोल्या लावायलाही जातात, बारीक आवाज ऐकायला. "शिट्टी वाजती का म्हणून बसायचं," असं हसून सांगतात. कानातली यंत्रं दोघांनीही घेतली. परशूअण्णा ती दुकानात लावतात, घरी काढून ठेवतात. फोनवर मात्र ते येत नाहीत. मला ते दिसतात ते त्या दवाखान्यातल्या दिवशीचेच.

कान तपासायची एक लहानशी खोली होती, खोलीच्या आत खोली, जाड दाराची. एका बाजूला काच. बाहेर एक तरुण बाई यंत्रापुढे बसली होती. आप्पा आणि मी बाकावर. बाई परशूअण्णांना कानडीत म्हणाली, "केळसिदरे कै एत्तरी." ऐकू आलं की हात वर करा. तिने स्वतः हात वर करून दाखवला. त्यांनी मान डोलावली.

आत गेल्यावर ते लगेच खुर्चीत बसले नाहीत. चारी भिंतींवर काळा, खाचाखाचांचा फोम होता. त्यांनी बोटाने तो दाबून बघितला. कोपऱ्यात तोंड नेऊन काहीतरी एक शब्द बोलले. मग काचेतून मला हाताने खूण केली, खोली झकास आहे. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद क्वचितच पाहिला होता. बाईने आत जाऊन त्यांना बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि जाड दार लावून घेतलं.

पहिला आवाज जाड होता, बाईच्या यंत्रावरचा काटा सांगत होता. परशूअण्णांचा हात लगेच वर झाला. पुढच्यालाही झाला. मग बाईने बटण फिरवत नेलं, आवाज बारीक होत गेले. हात मांडीवरून उठायचा थांबला. ते समोर बघत होते, ऐकण्यासाठी सगळं अंग आवळून.

"काय चाललंय?" आप्पांनी मला मोठ्याने विचारलं.

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "वाजतंय. हात वर करायचा असतो."

आप्पांनी काचेकडे बघितलं. भाऊ हात वर करत नव्हता. बाई आवाज वाढवत होती. आप्पा बाकावरून उठले, काचेपाशी गेले आणि परशूअण्णांना दिसेल असा आपला स्वतःचा हात हळूच वर केला. कर, कर, असं डोळ्यांनी सांगत.

परशूअण्णांनी त्यांना बघितलं. ते हसले. मांडीवरचा हात जरासा उचलला गेला, तसाच थांबला, आणि मग त्यांनी नाही म्हणून मान हलवत तो परत मांडीवर ठेवला.